रातोरात उठणारं गाव

कुठे गोंधळ दिसला की "काय सर्कस लावलीय इथे!" असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतंच, आणि ते कोणाच्या तोंडून पडतं हे सगळ्यांना ठाऊक आहे! पण तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारसाठी मी 'मटेरियल हँडलिंग'वर वाचायला लागलो आणि फिरत फिरत अमेरिकेच्या एका सर्कशीपाशी जाऊन पोचलो. तेव्हा कळलं की सर्कस आणि गोंधळ यांचा संबंध जोडणाऱ्याने सर्कस मागच्या बाजूने कधी बघितलीच नसावी. सेमिनार झाला, मार्कही मिळाले, पण विषय काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

ही सर्कस म्हणजे 'रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली'. नाव मालगाडीसारखं लांबलचक आहे, कारण ती मुळात तीन वेगवेगळ्या धंद्यांची जोडगाडी. १८७१ मध्ये सुरू झाली, २०१७ मध्ये बंद पडली. म्हणजे १४६ वर्षं. एवढं आयुष्य फार थोड्या कंपन्यांना मिळतं.

सुरुवातीला थोडं फिजिक्स. आजची सर्कस ही मूळची लंडनची. फिलिप अ‍ॅस्टली नावाच्या घोडदळातल्या निवृत्त सार्जंटने १७६८ मध्ये घोड्यांचे खेळ गोलात फिरून दाखवायला सुरुवात केली. पुढे या रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला आणि आजही जगभर साधारण तोच आहे. ४२ च का? त्रिज्या झाली ६.४ मीटर. घोडा ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५ मीटरने दौडतोय असं धरा आणि v वर्ग भागिले rg काढा. उत्तर येतं ०.४, म्हणजे घोडा साधारण २२ अंश आत कलतो. पाठीवर उभा राहिलेला स्वारही तेवढाच आत कलला की पाय आपोआप दाबून बसतात. रिंगण फार लहान केलं तर घोड्याला दौडताच येत नाही, फार मोठं केलं तर हा आधार मिळत नाही. फर्स्ट इयरला बँकिंग ऑफ रोड्सची गणितं पाठ करताना कोणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

अमेरिकेत सर्कस १७९३ मध्ये फिलाडेल्फियाला सुरू झाली आणि १८२५ मध्ये तंबूत गेली. पुढची पन्नास वर्षं मात्र घोडागाड्यांवरच. रात्रभर चिखलातून पंधरा-वीस मैल गेलं की पुढचं गाव, मग ते गाव कितीही छोटं असो, खेळ तिथेच करायचा. मोठी शहरं लांब लांब असल्यामुळे सर्कशीचा आकार घोड्याच्या दमाएवढाच राहिला.

हे बदललं विल्यम कॅमेरॉन कूप या माणसाने. नावात नाव नाही बिचाऱ्याचं, पण माझ्या मते या गोष्टीतला खरा इंजिनिअर हाच. बार्नम हा प्रसिद्धीचा बादशहा, त्याला साठाव्या वर्षी सर्कशीच्या धंद्यात आणलं कूप आणि त्याच्या भागीदाराने. १८७२ मध्ये कूपने अख्खी सर्कस रेल्वेवर चढवली. रेल्वेने जाण्याची कल्पना त्याच्या आधीही काहींना सुचली होती. पण अडचण अशी, की गाडीतलं सामान उतरवून डब्यात भरायचं, पुढच्या गावी डब्यातून काढून परत गाडीत भरायचं, यातच सकाळ व्हायची. कूपने सामान उतरवणंच बंद केलं. भरलेली घोडागाडी जशीच्या तशी उघड्या सपाट डब्यावर चढवायची. तीही बाजूने नाही, कारण बाजूने चढवायला तेवढा लांब फलाट लागतो. त्याने गाडीच्या शेवटच्या टोकाला उतार लावला, दोन डब्यांमधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकले आणि घोड्यांनी दोरखंडाने ओढत एकेक गाडी सगळ्या डब्यांवरून पार पुढेपर्यंत नेली. उतरताना दोर खुंटाला गुंडाळून ब्रेक. बस्स, एवढंच. चढवायचा क्रम मात्र आधी ठरलेला, कारण पुढच्या गावी ज्याची गरज पहिली तो माल पहिला खाली यायला हवा. (कॉम्प्युटरवाल्यांनो, ज्या टोकाने चढवलं त्याच टोकाने उतरवलं तर स्टॅक, दुसऱ्या टोकाने उतरवलं तर क्यू. आमच्या मेकॅनिकलवाल्यांना हे १८७२ पासून येतं.)

या पद्धतीला अमेरिकन रेल्वेत पुढेही 'सर्कस लोडिंग' असंच म्हणत राहिले. ट्रकचे ट्रेलर मालगाडीवर चढवायला सुरुवात झाली तेव्हा तेही असेच चढवले गेले. आणि आपल्यातले जे कोकणातले आहेत त्यांनी कोलाडला बघितलंच असेल. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये रो-रो सेवा सुरू केली, त्यात भरलेले ट्रक टोकाकडच्या रॅम्पवरून एकामागून एक वॅगनींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. तत्त्व तेच.

रेल्वेमुळे एका रात्रीत शंभर मैल जाता येऊ लागलं. मधली खेडी सोडून थेट शहर गाठायचं. सर्कस एकदम फुगली. भरभराटीच्या काळात रिंगलिंगची सर्कस शंभराच्या आसपास डब्यांतून, तीन-चार स्वतंत्र गाड्या करून फिरायची. हजाराहून जास्त माणसं, शेकडो घोडे, डझनांनी हत्ती, आणि दहा हजार लोक बसतील असा तंबू. दिवसाचं वेळापत्रक ऐका. पहाटे पहिली गाडी पोचते, तिच्यात स्वयंपाकाचं सामान. सर्व्हेअर मोकळ्या मैदानात खुणांचे गज रोवतो. मजुरांची टोळी एका खुंटाभोवती गोल उभी राहून तालात घण घालते. एकाचा घण वर, दुसऱ्याचा खाली, आणि कोणाचा कोणाला लागत नाही. पुढे खुंट ठोकायचं यंत्रही आलं. हत्ती खांब ओढून उभे करतात. दुपारी एक खेळ, रात्री एक. रात्रीचा खेळ चालू असतानाच स्वयंपाकाचा तंबू उतरून गाडीत चढलेला असतो, शेवटचा प्रेक्षक बाहेर पडतो तेव्हा प्राण्यांचे पिंजरे स्टेशनवर असतात, आणि मध्यरात्रीनंतर त्या मैदानात भुसा आणि खुंटांची भोकं एवढंच उरतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात हेच. मोसमभर.

त्यांची मेस हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हजार माणसांना दिवसातून तीन वेळा, रोज नव्या जागी, वेळेवर गरम जेवण. जेवण तयार झालं की तंबूवर झेंडा चढायचा. आमच्या मेसवर असा झेंडा लावायचा ठरला तर पोरं त्याला कोणता रंग देतील ते इथे लिहीत नाही.

बेलीने ही सर्कस १८९७ ते १९०२ मध्ये युरोपभर फिरवली, तेव्हा जर्मन लष्कराचे अधिकारी ही चढ-उतार टिपून घ्यायला यायचे, असं सांगतात. सैन्य हलवणाऱ्यांना त्यात काय दिसलं असेल हे उघड आहे.

आता बार्नमबद्दल. याच्यावर अमेरिकेत इतकं कौतुकाने लिहिलंय की आपणही भारावून जातो. पण त्याच्या धंद्याची सुरुवात १८३५ मध्ये जॉइस हेथ नावाच्या वृद्ध, आंधळ्या, कृष्णवर्णीय गुलाम बाईपासून झाली. ती १६१ वर्षांची आहे आणि तिने जॉर्ज वॉशिंग्टनला लहानपणी सांभाळलंय, असं सांगून त्याने तिला गावोगाव तिकीट लावून दाखवलं. पुढच्या वर्षी ती वारली, तर तिच्या शवविच्छेदनालाही तिकीट लावलं! हे वाचल्यावर माझ्या मनातून तो माणूस उतरला तो उतरलाच. सर्कशीबरोबर एक बाजूचा तंबू कायम असायचा, त्यात अतिउंच, अतिठेंगणी, अंगभर केस असलेली माणसं मांडलेली असत. काहींनी त्यात चांगला पैसा मिळवला हे खरं, पण मांडणारा कोण आणि मांडलेला कोण हे शेवटपर्यंत तेच राहिलं.

१८८१ मध्ये बार्नमने जेम्स बेलीशी हातमिळवणी केली. बेली हा अनाथ पोरगा, सर्कशीतच वाढलेला, बोलायला कमी आणि हिशेबाला पक्का. एक ढोल वाजवणारा, दुसरा गाडा ओढणारा, अशी ही जोडी. १८८२ मध्ये त्यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून जंबो हत्ती १०,००० डॉलरला घेतला. इंग्लंडमध्ये निषेध झाला, तोही जाहिरातीत वापरला. 'जंबो' म्हणजे अवाढव्य हा अर्थ जगभर पसरला तो या हत्तीमुळेच, मग आपल्या नाक्यावरच्या जंबो वडापावचं नावही तिथूनच आलं म्हणायचं. १८८४ मध्ये ब्रुकलिन पुलाच्या मजबुतीबद्दल लोकांच्या मनात शंका होती, तर यांनी २१ हत्ती त्यावरून चालवत नेले. लोड टेस्ट आणि जाहिरात एकदम. जंबो मात्र दुसऱ्याच वर्षी, १८८५ मध्ये, कॅनडात सेंट थॉमसच्या रेल्वे यार्डात इंजिनाच्या धडकेने मेला.

बार्नम १८९१ मध्ये गेला, बेली १९०६ मध्ये. १९०७ मध्ये रिंगलिंग बंधूंनी त्यांची सर्कस विकत घेतली. हे विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावचे, घोड्यांचं चामडी सामान बनवणाऱ्या जर्मन कारागिराचे मुलगे. सात भाऊ, त्यातल्या पाचांनी १८८४ मध्ये स्वतःची सर्कस काढली होती. काही वर्षं दोन्ही सर्कशी वेगवेगळ्या चालवून १९१९ मध्ये त्यांनी एक केल्या.

या भव्यपणाखाली कोण दबलेलं होतं ते एका दुसऱ्या सर्कशीच्या अपघाताने दिसतं. २२ जून १९१८ च्या पहाटे इंडियानात हॅमंडजवळ हेगनबेक-वॉलेस सर्कशीची गाडी थांबली होती. मागून सैन्याची रिकामी गाडी आली, तिच्या ड्रायव्हरला डुलकी लागली होती. लाकडी डबे, आत रॉकेलचे दिवे. ८६ जण गेले. शिकागोजवळच्या दफनभूमीत त्यांच्यापैकी अनेकांच्या दगडांवर नावच नाही. एकावर 'बाल्डी' म्हणजे टकल्या, एकावर 'चार घोड्यांचा ड्रायव्हर', बऱ्याच दगडांवर नुसतं 'अनोळखी'. घण मारणारे हे मजूर कुठेही चढायचे, कुठेही उतरायचे. वेगनच्या क्रमाची इतकी काटेकोर नोंद ठेवणाऱ्या धंद्यात माणसांची नोंद नव्हती. सेमिनारला मी ही स्लाइड दाखवली तेव्हा वर्गात शांतता झाली होती.

इथे आपला एक माणूस येतो. पुण्याचे दामू धोत्रे (१९०२–१९७३). लहानपणीच मामांच्या सर्कशीत शिरले, युरोपातल्या सर्कशी गाजवल्या आणि १९४० मध्ये रिंगलिंगमध्ये दाखल झाले. बिबटे आणि ब्लॅक पँथर हे त्यांचं क्षेत्र. पाश्चात्त्य रिंगमास्टर चाबूक आणि खुर्ची घेऊन आरडाओरडा करत, त्याउलट धोत्रे उघड्या अंगाने, शांतपणे पिंजऱ्यात वावरत. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यातही होते. तशी मराठी माणसाची सर्कस त्याहून जुनी. विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत आलेली चिआरिनीची सर्कस बघून १८८० मध्ये कुरुंदवाडला स्वतःची उभी केली होती.

अमेरिकेत मात्र फासे फिरले होते. भावांपैकी शेवटी उरलेल्या जॉन रिंगलिंगने सप्टेंबर १९२९ मध्ये कर्ज काढून पाच प्रतिस्पर्धी सर्कशी एकदम विकत घेतल्या. पुढच्याच महिन्यात वॉल स्ट्रीट कोसळलं. १९३२ मध्ये कंपनीचा ताबा गेला. १९३६ मध्ये तो वारला तेव्हा फ्लोरिडात राजवाडा होता, भिंतींवर रुबेन्सची चित्रं होती, आणि बँकेत ३११ डॉलर.

आणि मग हार्टफर्ड. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

युद्धामुळे चांगले मजूर भरती झालेले. ५ जुलै १९४४ ला गाडी हार्टफर्डला उशिरा पोचली, दुपारचा खेळ रद्द करावा लागला. दुसऱ्या दिवशी, ६ जुलैला दुपारी, सुमारे ७,००० लोक तंबूत होते. पुरुष कामावर किंवा युद्धावर, त्यामुळे बायका आणि मुलंच जास्त. तंबूचं कापड पावसात गळू नये म्हणून पॅराफिन मेण पेट्रोलमध्ये विरघळवून त्याला फासलेलं होतं. तेव्हा ही नेहमीचीच पद्धत होती. पेट्रोल उडून जातं, मेण राहतं, पाणी आत येत नाही. पाण्याचा प्रश्न सुटला. मेणबत्ती कशाची करतात हे आपल्याला सातवीतच शिकवलेलं असतं. अग्निरोधक रसायन अस्तित्वात होतं, पण युद्धकाळात ते सैन्याला आधी.

वाघ-सिंहांचा खेळ नुकताच संपला होता, वॉलेंडा कुटुंब उंच तारेवर चढत होतं. एका बाजूला कनातीवर लहानशी ज्योत दिसली. बँडमास्टरने ताबडतोब 'स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर' वाजवायला घेतलं. सर्कशीत ही धून फक्त संकट आलं तरच वाजते, म्हणजे कामगारांना कळावं आणि प्रेक्षकांत घबराट होऊ नये. पण छत पेटलं आणि वितळलेलं जळतं मेण खाली पडायला लागलं. काही दारांच्या वाटेत प्राणी आणायचे लोखंडी बोगदे आडवे होते. लोक त्यावरून चढू पाहत होते आणि तिथेच एकावर एक पडले. दहा मिनिटांत तंबू उरला नाही. किमान १६७ मृत्यू, त्यात पुष्कळ मुलं. एका लहान मुलीला ओळखणारं कोणीच आलं नाही. शवागारातल्या क्रमांकावरून ती 'लिटल मिस १५६५' म्हणूनच पुरली गेली.

सर्कशीच्या काही अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. कंपनीने जबाबदारी स्वीकारली आणि पुढची दहा वर्षं नफ्यातून भरपाई दिली, जवळजवळ ५० लाख डॉलर. हे मात्र मान्य केलं पाहिजे. दिवाळं काढून मोकळं होता आलं असतं, ते त्यांनी केलं नाही.

पुढची उतरण भराभर आहे. रस्त्यावरची मिरवणूक मोटारींनी १९२० च्या सुमारासच संपवली होती. आता टीव्ही आला, शहरातली मोकळी मैदानं गेली, रेल्वेचं भाडं आणि मजुरी वाढली, युनियनशी भांडणं झाली. १६ जुलै १९५६ ला पिट्सबर्गजवळ तंबूतला शेवटचा खेळ झाला. त्यानंतर सर्कस बंदिस्त स्टेडियममध्ये. घण मारणाऱ्यांचं, खांब उभारणाऱ्यांचं काम एका रात्रीत संपलं. कूपच्या पद्धतीने गाड्या पुढे चालू राहिल्या, पण 'गाव' उठणं थांबलं. १९६७ मध्ये आयर्विन फेल्डने सर्कस घेतली, १९६८ मध्ये विदूषकांसाठी कॉलेज काढलं (प्रवेश परीक्षा आपल्यापेक्षा अवघड असावी), १९६९ पासून दोन तुकड्या केल्या आणि धंदा पुन्हा उभा राहिला.

शेवटचा वाद हत्तींचा. हत्तीला वळवायला लोखंडी अंकुश वापरतात. प्राणिमित्र संघटनांनी २००० मध्ये खटला भरला. तो फेटाळला गेला, कारण मुख्य साक्षीदाराला संघटनांकडूनच पैसे मिळत होते असं निघालं. उलट २०१२ आणि २०१४ मध्ये संघटनांनाच कंपनीला मिळून अडीच कोटी डॉलर द्यावे लागले. म्हणजे कोर्टात सर्कस जिंकली. पण कोर्टाबाहेर हरली, कारण लॉस एंजलिससारखी शहरं अंकुशावर बंदी घालायला लागली, आणि ज्या सर्कशीचा मार्ग वर्षभर आधी आखला जातो तिला दर शहराचा वेगळा नियम परवडत नाही. आपल्याकडे बंदी थेट केंद्रातून आली, पण त्या यादीत हत्ती नव्हते. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांच्या खेळांवर केंद्राने १९९८ मध्ये बंदी घातली आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

१ मे २०१६ ला ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्समध्ये हत्तींचा एक शेवटचा खेळ झाला. याच शहरात दोन वर्षांपूर्वी, मे २०१४ मध्ये, केसांनी टांगून घेतलेल्या आठ कलाकार मुली वरून कोसळल्या होत्या. सगळ्यांचा भार एका स्टीलच्या कॅराबिनरवर होता आणि तो तुटला. हे कडं दोन दिशांच्या ओढीसाठी बनवलेलं असतं, इथे त्यावर तीन दिशांनी भार आला होता, असं तपासात निघालं. कंपनीला दंड झाला ७,००० डॉलर. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचं पुस्तक बंद करून ठेवलेल्यांनी हा आकडा त्या आठजणींच्या मोडलेल्या हाडांशेजारी ठेवून बघावा.

हत्ती गेल्यावर तिकीटविक्री कंपनीच्या अंदाजापेक्षाही जास्त घसरली. हत्ती ठेवले तर शहरं नको म्हणतात, काढले तर लोक येत नाहीत. २१ मे २०१७ ला न्यूयॉर्कजवळ युनियनडेलला शेवटचा खेळ झाला. गाडीच्या डब्यांतच राहणारी, तिथेच शाळा शिकणारी पोरं असलेली कुटुंबं होती, त्यांना काम आणि घर एकदमच सोडावं लागलं. हत्तींची व्यवस्था मात्र नीट झाली. २०२१ मध्ये पहिल्या १२ हत्तिणी फ्लोरिडातल्या 'व्हाइट ओक' अभयारण्यात गेल्या. तळी, दलदल, पाइनचं जंगल, आणि अंकुश नाही.

सप्टेंबर २०२३ पासून रिंगलिंगचा खेळ पुन्हा सुरू झाला, एकही प्राणी न घेता. म्हणजे तसा एक कुत्रा आहे, रोबॉट. त्याचं नाव ठेवलंय बेली. रोबोटिक्स क्लबच्या मंडळींनी नोंद घ्यावी. कूपच्या नावाचं अजून काही शिल्लक आहे.